आबांचं दूध-रजिस्टर आणि "मी जन्मलो नाही, प्रकटलो" म्हणणारे महाराज

भोगावतीकाठ (धागाकर्ता)

परवा गावी गेलो होतो. जुनं घर उतरवायचं ठरलंय, म्हणून माळ्यावरच्या ट्रंका खाली काढल्या. एकीत दूध संस्थेची 1996 ची संकलन रजिस्टरं सापडली. त्या वर्षी मी बारा वर्षांचा होतो. पहाटे पाचला आबांबरोबर संस्थेत जायचो. आबा माप आणि फॅट सांगायचे, मी लिहायचो. ऑक्टोबरच्या पानांवर आमच्या खात्यासमोर माझ्याच अक्षरात आकडे आहेत. साडेचार लिटर, सव्वाचार, चार, साडेतीन, तीन. याच आकड्यांनी आमच्या गावात एका माणसाच्या देवपणाला खीळ बसली. ही गोष्ट मी आजवर कुठेच लिहिली नाही. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. त्यातले बरेच अजून तिथेच राहतात आणि त्यांना खाली बघायला लागावं असं मला काही करायचं नाही.

आबा म्हणजे माझे आजोबा. सातवी शिकलेले, संस्थेचे चेअरमन, गळ्यात माळ, आषाढीची वारी कधी चुकवली नाही. हे आधीच सांगतो, कारण "देव मानत नव्हते म्हणून नडले" असं कुणाला वाटायला नको. त्यांचे वडील कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगात राहून शिकलेले, शाहू महाराजांच्या काळात 1901 साली निघालेल्या. त्यामुळे घरात सत्यशोधक वळण होतं, आबांचं लग्नही भटजीशिवाय लागलेलं. "इठ्ठलाशी बोलायला मला मधी माणूस लागत न्हाई," असं ते म्हणायचे.

महाराज 1995 च्या पावसाळ्यात आले आणि गावाबाहेरच्या एका मळ्यातल्या खोपीत उतरले. चाळिशीचा उंच माणूस, बोलणं हळू आणि गोड. ते स्वतःला माणूस म्हणवून घेत नसत. "मी जन्मलो नाही, प्रकटलो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वय तीनशेच्या वर, अन्नपाणी नाही, वाऱ्यावर जगतात, अशी ख्याती. दर गुरुवारी दरबार. नारळाच्या शेंडीवर तीर्थ शिंपडलं की जाळ व्हायचा, लिंबू कापलं की रक्त निघायचं. मीही ते आईच्या पदराआडून पाहिलंय आणि माझ्या अंगावर काटा आला होता. वर्षभरात खोपीचा पत्र्याचा मंडप झाला. दुधाचं दहा दिवसांचं बिल हातात पडलं की त्यातलं पहिलं पाकीट मळ्याकडे जायला लागलं.

माणसं उगाच जात नव्हती. शेजारच्या काकूंचा तरणा पोरगा नदीला गेला होता. एकाच्या विहिरीला तीन वेळा सुरुंग लावूनही पाणी लागलं नव्हतं आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतं. एकाची लेक सासरहून परत आलेली. महाराज प्रत्येकाचं ऐकायचे, अर्धा अर्धा तास, मधे न बोलता. हे मान्य करायलाच हवं. गावात एवढं कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

माझी आत्या गावातच दिलेली. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला फिट यायची. सीपीआरमधून, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातून, गोळ्या चालू होत्या आणि वर्षभर एकही फिट आली नव्हती. महाराजांनी तिला सांगितलं, "माझा अंगारा आणि डॉक्टरची गोळी एका पोटात नांदत नाहीत." तिनं कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. आठवड्याभरानं एका दिवसात पोराला चार फिट आल्या. महाराज म्हणाले, आतलं बाहेर पडतंय, घाबरू नका.

आबांना हे कळलं त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी, 10 ऑक्टोबरला, गुरुवार होता. पितृपंधरवडा संपत आलेला, सर्वपित्री दोन दिवसांवर. आबा संध्याकाळी मंडपात गेले, मला बरोबर घेऊन. दोनशेक माणूस बसलेलं. आबा सरळ पुढे गेले, हात जोडले आणि उभ्यानंच बोलले.

"म्हाराज, तुमी जेवत न्हाईसा असं समद्यांचं म्हणणं हाय. मग आमच्या संस्थेच्या गोदामात पाच दिवस ऱ्हावा. पेंडीची पोती भाईर काढतो, खोली सारवून देतो. पहाऱ्याला चार माणसं तुमची, चार माझी. पोती तोलायचा काटा तितंच हाय, सकाळ-संध्याकाळ वजन घिऊ. पाच दिसांनी वजन हाय तेवढंच भरलं, तर औंदाचं माझं उसाचं बिल तुमच्या पायावर."

महाराज हसले. "देवाची परीक्षा घेतोस?"

"घेतो की. माज्या सख्ख्या भनीचं दूध येतंय संस्थेत, त्येलाबी डिग्री लावतो. तिला कवा राग आला न्हाई. ज्येच्या दुधात पाणी असतंय, त्योच डिग्रीवर चिडतोय."

मंडपात कुणी हसलं नाही. दूध घालणारी दीडशे घरं तिथं होती आणि डिग्री, म्हणजे लॅक्टोमीटर, दुधातलं पाणी कसं पकडतो हे प्रत्येकाला ठाऊक होतं. महाराजांचा चेहरा पहिल्यांदा बदललेला मी पाहिला. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सात दिवसांत तुझ्या दारात मढं पडेल."

पुढचं उद्या लिहितो. ते आठवताना अजूनही हात थबकतो.

रंकाळा_संध्याकाळ

आज्जी माझी अशाच एका बाईंच्या नादी लागून मंगळसूत्र देऊन बसली होती. डिग्रीचं उदाहरण तिला आज फोन करून सांगणार. लवकर लिहा.

प्रयोगवही

मी कागल तालुक्यात विज्ञान शिकवतो. नारळ आणि लिंबाचं सांगतो, कारण हे दोन प्रयोग आजही दरबारात चालतात. शेंडीत पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे कण दडवलेले असतात आणि "तीर्थ" म्हणजे ग्लिसरीन. दोन्ही एकमेकांना भेटले की थोड्या वेळात इतकी उष्णता निर्माण होते की शेंडी आपोआप पेटते. लगेच पेटत नाही, म्हणून मधल्या वेळात मंत्र. लिंबाच्या बाबतीत सुरीच्या पात्यावर फेरिक क्लोराइडचं द्रावण लावून वाळवलेलं असतं आणि लिंबात सुईनं पोटॅशियम थायोसायनेट सोडलेलं. दोन्ही मिसळले की रक्तासारखा लाल रंग येतो. हळद आणि चुन्याचं तर आपल्या घरातच आहे, आजी त्यातूनच कुंकू करायची. पहिले दोन प्रयोग मुलांनी घरी करू नयेत, डोळ्यांना आणि हातांना धोका आहे.

बरीच वर्षं मी वर्गात आधी रसायन सांगायचो आणि मग प्रयोग करायचो. मुलं माना डोलवायची आणि विसरायची. आता आधी चमत्कार करून दाखवतो, त्यांना थक्क होऊ देतो, तर्क करू देतो आणि तासाच्या शेवटी बाटली त्यांच्याच हातात देतो. ज्यानं स्वतः शेंडी पेटवली, तो पोरगा घरी जाऊन आईला सांगतोच.

आदमापूरची वाट

मी दर अमावास्येला आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला जाते. लग्नानंतर सतरा वर्षं जाते आहे. तिथं मला कुणी गोळ्या बंद कर म्हटलं नाही, पाकीट मागितलं नाही. अशा चर्चांत सगळे भक्त एकाच दावणीला बांधले जातात, म्हणून लिहिते आहे. तुमच्या आबांच्या गळ्यात माळ होती हे वाचून बरं वाटलं. पण एक मनापासून विचारते. साध्या बाईनं ओळखायचं कसं? मंडपात बसलेल्या त्या काकूंना पोरगा गेल्याचं दुःख होतं. त्यांनी डिग्री कुठून आणायची?

भोगावतीकाठ

ताई, तुमचा प्रश्न मी आबांनाही विचारला होता, कॉलेजला असताना. ते म्हणाले, "जो परीक्षा दिऊ करतोय त्येच्याकडं जावा, जो परीक्षा मागितल्यावर मढं दावतोय त्येच्याकडं जाऊ नगा." सगळ्या शंकांना एवढं पुरेल असं मी म्हणत नाही. पण जिवंत माणूस स्वतःला देव म्हणवतो, उपचार बंद करायला सांगतो आणि प्रश्न विचारला की भीती घालतो, या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी दिसल्या तर तिथं थांबू नये, हे मला कळतं. आदमापूरच्या वाटेवर तुम्हाला यातलं काही भेटलं नाही, मग माझं तुमच्याशी भांडण कशाला असेल?

आता पुढचं.

त्या रात्री आजीनं आबांच्या पायाशी बसून विनवणी केली. "अवं, माफी मागून या. पोरं-बाळं हाईत घरात." आबांनी तिला समजावलं नाही. नुसतं म्हणाले, "सकाळची पहिली एसटी पकडायची हाय, झोप." शुक्रवारी पहाटे ते आत्याला आणि तिच्या पोराला घेऊन सीपीआरला गेले. चार दिवस तिथे ठेवून घेतलं. फिटच्या गोळ्या अशा एकदम सोडल्या तर फिट थांबतच नाही अशी वेळ येते आणि त्यात जीव जातो, हे तिथल्या डॉक्टरांनी आत्याला समोर बसवून सांगितलं.

इकडे गावात आमच्याशी बोलणं तुटलं. शनिवारी सकाळी संस्थेत दीडशेपैकी नव्वद जणांचं दूध आलं. बाकीच्यांनी शेजारच्या गावात नेऊन घातलं. बाबा रात्रभर अंगणात खाट टाकून बसायचे. माझी आई मला एकट्याला परसात जाऊ देत नव्हती. आम्ही सगळे सुशिक्षित, तरी सात दिवस मोजत होतो. मीसुद्धा. पाटीवर रेघा ओढत होतो.

सोमवारी पहाटे, घट बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, आमची म्हैस मेली.

आजीनं जो हंबरडा फोडला तो मी विसरणार नाही. सात वाजेपर्यंत अर्धं गाव दारात. कुणी काही बोलत नव्हतं, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. दुपारी मळ्यातून निरोप आला की महाराजांनी दया केली, माणसावरचं जनावरावर घेतलं.

आबांनी सरकारी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं आणि म्हणाले, म्हस सगळ्यांसमोर फाडा. ओढ्याकडेला माणूस माईना. डॉक्टरांनी आतड्यातून हात घालून जाळीसारखं दिसणारं पोट बाहेर ओढलं. त्यात कुंपणाच्या तारेचा एक तुकडा होता, बोटापेक्षा थोडा लांब. तो पोट फोडून पुढे छातीत गेला होता आणि काळजाभोवती पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, हे आजचं दुखणं नाही, पंधरा दिवसांचं तरी आहे.

मग आबांनी मला संस्थेत पाठवून रजिस्टर मागवलं आणि मलाच वाचायला लावलं. ओढ्याच्या काठावर, दोनशे माणसांसमोर, मी आमचं खातं वाचलं. एक तारखेला सकाळी साडेचार. तीनला सव्वाचार. पाचला चार. सातला साडेतीन. नऊला तीन. माझा आवाज चिरकत होता. आबा म्हणाले, "धा तारखेला म्हाराजांनी शाप दिला. म्हस एक तारखेपास्नं दुधाला उतरलीया. ह्यो शाप मागं कसा गेला, येवढं कुणीतरी मला सांगा."

सगळे गप्प. मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "त्यांस्नी आधीच दिसलं असंल."

आबांनी त्यांना उलट उत्तर दिलं नाही.

गुरांचा_डॉक्टर

तीस वर्षं या जिल्ह्यात नोकरी केली, म्हणून राहवत नाही. गाय-म्हैस चारा नीट न चावता गिळते, तारा-खिळे त्यातूनच पोटात जातात आणि जड असल्यामुळे त्या जाळीदार पोटात बसतात. हे पोट आणि हृदय यांच्यात पातळ पडदा असतो. जनावर गाभण असलं किंवा चढावर चाललं की दाब येऊन तार पुढे सरकते. लक्षणं सांगतो, कुणाच्या गोठ्यात उपयोग होईल: खाणं कमी, दूध हळूहळू उतरणं, पुढचे कोपर बाहेर काढून उभं राहणं, उतारावर चालायला नकार, छातीखाली सूज. आता जनावराला गिळवायचे लोहचुंबक मिळतात, ते त्याच पोटात बसून तारा धरून ठेवतात. तुमच्या त्या डॉक्टरांनी उघड्यावर, गावासमोर चिरफाड केली, हे धाडसाचं काम होतं. अशा वेळी गावकरी खवळलेले असतात.

वकिलीण_टाउनहॉल

आज असा शाप देणारा सरळ गुन्ह्यात सापडला असता. महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत अतींद्रिय शक्तीच्या कोपाची भीती घालून माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखणं आणि जादूटोण्यानं मरण येईल अशी धमकी देणं, दोन्ही आहे. चमत्कार करून दाखवून पैसे उकळणंही आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये, आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा यांना हा कायदा हात लावत नाही, हे त्यातच लिहिलेलं आहे. आदमापूरच्या ताईंनी निश्चिंत राहावं.

1996 साली तुमच्या आबांच्या हाती फसवणुकीचं कलम होतं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींवरचा 1954 चा केंद्रीय कायदा. त्या कायद्याच्या यादीत फिट आणि मधुमेह दोन्ही आजार आहेत. पण दरबारात तोंडी सांगितलेल्या अंगाऱ्याची जाहिरात कोण सिद्ध करणार?

सागरमाळकर

कायदा कसा आला तेही नव्या मुलांना माहीत असू दे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि या कायद्यासाठी वर्षानुवर्षं सरकारचे उंबरे झिजवले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. आणि आपल्या कोल्हापुरात 16 फेब्रुवारी 2015 ला कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या, तेही सकाळी फिरून घरी येताना. 20 तारखेला पानसरे अण्णा गेले.

मी त्या भागात राहतो. त्या सकाळी आमच्या गल्लीत पहिल्यांदा कुणाला वाटलं की फटाके आहेत. त्यानंतर कोल्हापुरातले लोक दर महिन्याच्या वीस तारखेला पहाटे एकत्र चालायला लागले, निर्भय मॉर्निंग वॉक म्हणून. मीही जायचो. घोषणा कमी, पावलांचे आवाज जास्त. प्रश्न विचारणाऱ्याच्या घरचे काय सोसतात ते भोगावतीकाठ यांनी सात दिवसांचं लिहिलंय. काहींच्या घरचे ते अजून सोसत आहेत.

दूरदेशी

आव्हान हे हत्यार किती चालतं, याबद्दल माझ्या मनात शंका आहे, ती मांडतो. अब्राहम कोवूर मूळचे केरळचे, आयुष्य श्रीलंकेत गेलं. 1963 साली त्यांनी जाहीर केलं की फसवणुकीला वाव नसलेल्या परिस्थितीत जो चमत्कार करून दाखवेल त्याला एक लाख रुपये. 1978 साली ते वारले, तोवर रक्कम कुणाला जिंकता आली नाही. बुवा-बाबा तरी कमी झाले का?

दुसरं उदाहरण मार्च 2008 चं. मंत्रानं माणूस मारू शकतो असं म्हणणाऱ्या एका तांत्रिकाला सनल इडामारुकू यांनी टीव्हीवर थेट सांगितलं, मला मारून दाखवा. तासन् तास मंत्र झाले, पाणी शिंपडलं, कपाळ दाबून झालं. सनल हसत बसले होते. कोट्यवधींच्या डोळ्यांसमोर घडलेलं. पण त्याच सनल यांनी 2012 साली मुंबईत एका क्रूसातून टपकणारं पाणी सांडपाण्याच्या नळीतून केशाकर्षणानं चढतंय हे दाखवलं, तेव्हा त्यांच्यावर तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावं लागलं. एवढी धडधडीत हार दिसूनही लोक तिकडे वळतात, याचं उत्तर मला आव्हानात सापडत नाही. तुमच्या गावात तरी महाराज लगेच गेले का?

भोगावतीकाठ

नाही गेले. शिमग्यापर्यंत होते. सातवा दिवस उलटला, घरातलं कुणी मेलं नाही, तरी मंडपात गुरुवारी शंभरेक माणूस असायचंच. त्यांचं वजनही कधी कुणी घेतलं नाही. ते जेवत होते का, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही.

आबांनी ओढ्यावर त्या म्हाताऱ्यांना उत्तर का दिलं नाही, हे मी नंतर विचारलं. ते म्हणाले, "त्यो वाद घालत नव्हता लेकरा, आधाराला धरून हुता. हातातली काठी वढून घेटली तर म्हातारा पडंल. दुसरी काठी दिल्याबिगर वढायची न्हाई."

दुसरी काठी म्हणजे काय, ते त्यांनी करून दाखवलं. संस्थेच्या नफ्यातून दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी एक जीप कोल्हापूरला सोडायला सुरुवात केली. दिवस मुद्दाम गुरुवारच. ज्याला सीपीआरला जायचंय, गोळ्या आणायच्यात, त्यानं बसायचं, भाडं नाही. पहिल्या खेपेला आत्या आणि तिचा पोरगा, आणखी कुणीच नाही. जीप रिकामी गेली, रिकामी आली. संचालकांनी आबांना पैशाचा जाब विचारला. आबांनी पुढच्या महिन्यात पुन्हा सोडली. तिसऱ्या खेपेला सहा जण होते. विहीरवाल्याचं कर्ज सोसायटीत बसून हप्त्यानं बांधून दिलं. आणि संध्याकाळी ते एकेका घरी जाऊन बसायला लागले. महाराजांचा विषय काढायचे नाहीत. नुसते बसायचे, चहा घ्यायचे, ऐकायचे. आबांचा स्वभाव बोलका, त्यांना गप्प बसणं किती जड जायचं ते मी पाहिलंय. ते म्हणायचे की ही एक विद्या त्या माणसाकडून शिकण्याजोगी आहे.

म्हणून दूरदेशी, तुमची शंका मला पटते आणि तरी मी आव्हानाच्या बाजूनं आहे. ते दिलं नसतं तर आतेभाऊ गेला असता. त्या दिवशी कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं. पण उभं राहायला एक संध्याकाळ लागली आणि त्यानंतरचं काम पाच महिने चाललं.

इचलकरंजीची_लेक

तीन दिवस वाचते आहे, आज लिहायचं धाडस केलं. माझी आई सांगलीकडे एकटी राहते. बाबा गेल्यापासून एका बाईंच्या ग्रुपमध्ये आहे. त्या बाई म्हणतात, त्यांच्या देहात देवी कायमची राहायला आली आहे. रोज पहाटे त्यांचा आवाज फोनवर येतो, "बाळ, मी आहे." दरमहा पैसे जातात, ते मी सोडून दिलं. आता आईनं साखरेच्या इंजेक्शनांचं प्रमाण निम्म्यावर आणलंय. मी रागानं बोलले, तर तिनं माझे फोन घेणं बंद केलं. ओढ्यावर जाऊन रजिस्टर वाचावं असं माझ्याकडे काही नाही. काय करू?

तिसरी_पाळी

मी परिचारिका आहे. आधी उद्याच कुणाला तरी पाठवून साखर मोजून घ्या, शेजारीण, भाऊ, कुणीही. इन्सुलिन कमी केल्यावर उलट्या, पोटात दुखणं, खूप तहान, धाप, गुंगी यातलं काही दिसलं तर वाट न बघता दवाखाना. त्या बाईंबद्दल सध्या एक शब्द काढू नका. आईला म्हणा, देवीनं इंजेक्शन कमी करायला सांगितलं असेल तर साखर मोजायला तिची हरकत नसेल ना? मोजमाप वहीत आईच्याच हातानं लिहू दे. आमच्याकडे येणारे कितीतरी पेशंट दुसऱ्याचं ऐकत नाहीत, पण स्वतःच्या अक्षरातल्या आकड्याकडे मात्र बघत बसतात.

भोगावतीकाठ

ताई, यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही. फक्त एक जोडतो. पहाटे तुमच्या आईला जो आवाज येतो, त्याच्या आधी तुमचा येऊ दे. फोन उचलला नाही तर संदेश ठेवा. भांडण नको, साधंच काहीतरी, काय केलं आज जेवायला. कोल्हापूरहून मी शनिवारी त्या बाजूला जाणार आहे. हवं असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, साखर मोजायचं यंत्र पोचवतो.

इचलकरंजीची_लेक

निरोप केलाय. आज पहाटे पाचला संदेश ठेवला, "आई, मी आहे." अजून उत्तर नाही, पण तिनं ऐकल्याचं दिसलं.

रंकाळा_संध्याकाळ

रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो टाकाल का? नावं झाकून.

भोगावतीकाठ

फोटोसाठी आज पान पुन्हा उघडलं आणि जे इतकी वर्षं आठवत नव्हतं ते दिसलं. 14 ऑक्टोबर, म्हैस मेली तो सोमवार. सकाळच्या रकान्यात आमच्या खात्यासमोर रेघ आहे. संध्याकाळच्या रकान्यात दीड लिटर लिहिलंय, फॅट 6.8, माझ्याच अक्षरात. आमच्याकडे दुसरं जनावर नव्हतं.

आत्याला फोन केला. ती आता सत्तरीच्या जवळ आहे. तिचा पोरगा शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, त्याची स्वतःची दोन मुलं आहेत. ती म्हणाली, "आरं, ते काकूंचं दूध. मी सीपीआरातनं त्याच दिशी परत आलो, बघितलोय न्हवं. तुमचं खातं कोरं ऱ्हायला नगो म्हणून त्यांनी आपल्या किटलीतलं तुमच्या नावावर घाटलं."

काकू म्हणजे त्याच, ज्यांचा पोरगा नदीला गेला होता. त्या मंडपात पहिल्या रांगेत बसायच्या. महाराज गावातून गेल्यावरही त्यांचा फोटो काकूंच्या देव्हाऱ्यात शेवटपर्यंत होता. आबा दर आठवड्याला त्याच देव्हाऱ्याला टेकून बसून त्यांच्याकडे चहा घ्यायचे, आणि फोटो काढा असं त्यांनी काकूंना एकदाही म्हटलं नाही.

फोटो खाली टाकतोय. नावाचा रकाना झाकलाय, आकडे तेवढे दिसतील.